जीन गॉर्डनची तीन लग्नं आणि जपून ठेवलेला एक कागद

मे १५६७ मध्ये स्कॉटलंडमधल्या दोन कोर्टांनी एकाच लग्नाबद्दल चार दिवसांच्या अंतराने दोन निकाल दिले. ३ मे रोजी एडिनबराच्या प्रॉटेस्टंट कोर्टाने सांगितलं, की हे लग्न रीतसर झालेलं आहे, पण नवऱ्याने व्यभिचार केला म्हणून ते मोडण्यात येत आहे. ७ मे रोजी कॅथलिक कोर्टाने सांगितलं, की हे लग्न मुळात झालेलंच नाही. बायको दोन्हीकडे एकच, जीन गॉर्डन. नवराही एकच, बॉथवेलचा अर्ल जेम्स हेपबर्न. पुढे आठच दिवसांनी, १५ मे रोजी, या नवऱ्याने थेट स्कॉटलंडच्या राणीशी, मेरी स्टुअर्टशी लग्न लावलं.

मेरी राणीची गोष्ट पुष्कळांनी कुठे ना कुठे वाचलेली असते. तिच्या दुसऱ्या नवऱ्याचा, डार्नलीचा, खून झाला. त्या खुनाचा संशय ज्याच्यावर होता त्याच बॉथवेलशी तिने साधारण तीन महिन्यांत लग्न केलं. गादी गेली, आणि १५८७ मध्ये इंग्लंडमध्ये तिचा शिरच्छेद झाला. या गोष्टीत जीन गॉर्डनच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते: ‘बॉथवेलने आधीच्या बायकोला सोडलं होतं.’ ही ओळ मला फार खटकते. कारण ती ‘आधीची बायको’ त्यानंतर बासष्ट वर्षं जगली, आणखी दोन लग्नं केली, उत्तर स्कॉटलंडमधली एक मोठी जहागीर चालवली आणि त्या सगळ्या वावटळीतून जमीन, मुलंबाळं आणि मान सांभाळून बाहेर पडली. तिची लग्नं नीट उलगडून पाहिली, की सोळाव्या शतकातल्या सरदार घराण्यांत लग्न म्हणजे काय असायचं हे लख्ख कळतं. म्हणून हा लेख.

सुरुवात माहेरापासून. जीनचा जन्म १५४६ चा. वडील जॉर्ज गॉर्डन, हंटलीचे चौथे अर्ल. ईशान्य स्कॉटलंडमध्ये त्यांचा शब्द म्हणजे कायदा. लोक त्यांना ‘उत्तरेचा कोंबडा’ म्हणत, आणि त्यात चेष्टा नव्हती, धाक होता. आई एलिझाबेथ कीथ, तीही अर्ल मारिशल या बड्या घराण्यातली. शिवाय राजघराण्याशी रक्ताचं नातं: जीनची आजी, म्हणजे वडिलांची आई, ही राजा चौथा जेम्स याची अनौरस मुलगी. मेरी राणी त्याच राजाची नात. म्हणजे जीनचे वडील आणि राणी ही सावत्र नात्याने का होईना, आत्येभाऊ-मामेबहीण लागत. आणि तरीही १५६२ मध्ये हे घराणं राणीच्याच सैन्यापुढे उभं राहिलं. २८ ऑक्टोबरला अ‍ॅबरडीनजवळ कॉरिचीची लढाई झाली. वडील पकडले गेले आणि तिथेच, घोड्यावरच, त्यांनी प्राण सोडला. पाच दिवसांत जीनचा भाऊ जॉन याचा अ‍ॅबरडीनमध्ये शिरच्छेद झाला. थोरला भाऊ जॉर्ज याला मृत्युदंड सुनावून कैदेत टाकलं. वडिलांचं प्रेत मसाला भरून एडिनबराला नेलं आणि पुढल्या वर्षी पार्लमेंटसमोर ठेवून त्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालवला. प्रेतावर खटला कशासाठी? मालमत्ता जप्त करायची तर आरोपी कोर्टापुढे हजर असावा लागे, आणि राजद्रोह्याच्या बाबतीत तो मेलेला असला तरी भागत असे.

जीन तेव्हा सोळा वर्षांची होती. तिच्या पहिल्या लग्नामागे ही पार्श्वभूमी आहे, आणि ती डोक्यात ठेवली नाही तर पुढचं काहीच कळत नाही.

१५६५ मध्ये वारं फिरलं. राणीला तिच्या सावत्र भावाविरुद्ध उभे राहतील असे सरदार हवे होते. जॉर्ज गॉर्डनला कैदेतून सोडलं. बॉथवेललाही परदेशातून परत बोलावलं. दोघेही राणीचे निष्ठावान, दोघांचे शत्रू एकच. मग सोयरीक व्हायला वेळ लागला नाही. फेब्रुवारी १५६६ मध्ये जीन आणि बॉथवेल यांचं लग्न एडिनबराच्या होलीरूडमध्ये झालं. तिचं वय वीसच्या आसपास, त्याचं तिशीच्या पुढे. लग्नाच्या पोशाखासाठी राणीने चंदेरी जरीचं कापड दिलं. जीन कॅथलिक, बॉथवेल प्रॉटेस्टंट. राणीची इच्छा होती की लग्न तिच्या चॅपेलमध्ये कॅथलिक पद्धतीने व्हावं. बॉथवेल अडून बसला आणि लग्न प्रॉटेस्टंट पद्धतीने लागलं. त्या वर्षी काढलेली या जोडप्याची तांब्यावरची दोन छोटी चित्रं आजही एडिनबराच्या राष्ट्रीय संग्रहात आहेत. बॉथवेलचं हयातीत काढलेलं म्हणून ओळखलं जाणारं तेवढं एकच चित्र, आणि तेही बायकोच्या चित्राची जोड म्हणून टिकलेलं.

आता कागदांकडे येऊ. अशा लग्नात प्रेमपत्रं असोत वा नसोत, करारपत्र असायचंच. मुलीकडून जाणाऱ्या रकमेला स्कॉटलंडमध्ये ‘टॉखर’ म्हणत. आपण हुंडा म्हणू शकतो, पण एक मोठा फरक लक्षात घ्यायला हवा: टॉखरच्या बदल्यात नवऱ्याला आपल्या जमिनींपैकी काही जमीन बायकोच्या नावे तिच्या हयातीपर्यंत लावून द्यावी लागे. ती जमीन तिला विकता येत नसे, पण तिचं उत्पन्न मरेपर्यंत तिचं. नवरा मेला, परागंदा झाला तरी तिचं. म्हणजे टॉखर ही एका अर्थी मुलीच्या म्हातारपणासाठी केलेली गुंतवणूक होती, आणि तिचे कागद पक्के करणं हे भावाचं किंवा बापाचं काम. जीनचं टॉखर होतं १२,००० मर्क. एक मर्क म्हणजे स्कॉटिश पौंडाचा दोन तृतीयांश भाग, तेव्हा हे झाले ८,००० स्कॉटिश पौंड. बॉथवेल कर्जात पार बुडालेला होता. क्राइटन किल्ल्याभोवतालच्या त्याच्या जमिनी गहाण पडल्या होत्या. टॉखरच्या पैशातून त्या सोडवायच्या आणि जीनला तिच्या हयातीपर्यंत जमीन लावून द्यायची, असं ठरलं. तिच्या आईला लिहिता येत नव्हतं. करारपत्रावर सही करताना त्यांचा हात एका बिशपने धरून लेखणीवरून फिरवला होता.

आणखी एक कागद लागला, आणि आपल्या गोष्टीतला तोच सगळ्यात महत्त्वाचा.

कॅथलिक चर्चचा नियम असा होता, की चौथ्या पायरीपर्यंत रक्ताचं नातं असेल तर लग्न करायचं नाही. पायऱ्या कशा मोजायच्या? स्वतःपासून वर चढत जायचं. आईवडील पहिली पायरी, आजी-आजोबा दुसरी, पणजी-पणजोबा तिसरी, खापरपणजोबा चौथी. दोघांच्या वंशवेलीत चौथ्या पायरीपर्यंत कुठेही एकच माणूस निघाला, की विवाह निषिद्ध. आपल्याकडचा सपिंडाचा विचार ज्यांना माहीत आहे त्यांना ही मोजणी परकी वाटणार नाही. १२१५ पासून हा नियम चालू होता. त्याआधी तर सातव्या पायरीपर्यंत बंदी होती.

पण स्कॉटलंड छोटा देश, आणि बड्या घराण्यांची संख्या मोजकी. बरोबरीच्या घरातच मुली द्यायच्या-घ्यायच्या म्हटल्यावर चार पिढ्यांत सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी लागणारच. यावर उपाय म्हणजे पोपकडून, किंवा पोपने अधिकार दिलेल्या धर्मगुरूकडून, सवलतीचं पत्र आणायचं: ‘नातं आहे हे ठाऊक आहे, तरी या दोघांना परवानगी आहे.’ असं पत्र मिळालं की लग्न पूर्ण वैध. गंमत अशी, की पत्र न घेता लग्न केलं तर ते लग्न अधांतरी राहायचं, आणि तीच पळवाट ठरायची. कॅथलिक धर्मात घटस्फोट नव्हता. व्यभिचार सिद्ध झाला तरी फक्त वेगळं राहता यायचं, दुसरं लग्न करता यायचं नाही. मात्र ‘आम्ही नात्यातले होतो, सवलत घेतली नव्हती’ असं सिद्ध झालं, की लग्न झालंच नव्हतं असं जाहीर व्हायचं आणि दोघंही मोकळे. एवढंच काय, बॉथवेलच्या वडिलांनी हेच केलं होतं. राजा पाचवा जेम्स वारल्यावर विधवा राणीशी लग्न जमेल या आशेने त्यांनी १५४३ च्या सुमारास आपलं लग्न रद्द करून घेतलं होतं. विधवा राणीने त्यांना होकार दिलाच नाही.

जीन आणि बॉथवेल चौथ्या पायरीतले नातलग होते. गॉर्डन घराण्याने कच्चं काम ठेवलं नाही. १७ फेब्रुवारी १५६६ रोजी सेंट अँड्र्यूजचा आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याने पोपचा प्रतिनिधी या नात्याने सवलतपत्र दिलं. हा हॅमिल्टन कुणी परका नव्हता. जीनच्या थोरल्या भावाची बायको अ‍ॅन हॅमिल्टन. तिच्या वडिलांचा हा सावत्र भाऊ, म्हणजे तिचा काका. घरातल्याच माणसाने घरातला कागद करून दिला.

वर्ष उलटायच्या आत सगळं बदललं. १० फेब्रुवारी १५६७ ला डार्नलीचा खून झाला. १९ एप्रिलला पार्लमेंटने जीनच्या भावाला वडिलांची जप्त झालेली सगळी मालमत्ता आणि हंटलीची अर्लकी कायदेशीरपणे परत दिली. त्याच सुमारास, राणीने बॉथवेलशी लग्न करावं अशा आशयाच्या करारावर सरदारांनी सह्या केल्या. त्यात बॉथवेलच्या बायकोच्या भावाची, म्हणजे हंटलीचीही सही होती. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की सौदा उघडच दिसतो. भावाला घराणं परत मिळालं, बहिणीने नवरा सोडला. भावाला यात सारा दोष द्यावा असं मला वाटत नाही. कॉरिचीनंतर त्या घराने जे भोगलं होतं ते पाहता नाही म्हणायला किती जागा होती? पण जीनला कुणी विचारलं असेल का, हा प्रश्न मनातून जात नाही.

मग घटस्फोट दोन कोर्टांत का? कारण त्या वेळी स्कॉटलंडमध्ये लग्नाची दोन नियमपुस्तकं एकाच वेळी वापरात होती. १५६० मध्ये पार्लमेंटने पोपचा अधिकार संपवला होता. लग्नाचे दावे १५६४ पासून एडिनबराच्या नव्या कमिसरी कोर्टात चालत, आणि तिथे व्यभिचाराच्या कारणावरून खरा घटस्फोट मिळे. निर्दोष पक्षाला पुन्हा लग्नही करता येई. जीनने तिथे दावा लावला. बॉथवेलचे आपल्याच घरातल्या बेसी क्रॉफर्ड नावाच्या दासीशी संबंध होते असे साक्षीदार आले. ही एका लोहाराची मुलगी, घरात शिवणकाम करायची. निकाल जीनच्या बाजूने लागला. पण राणी कॅथलिक होती. तिच्या धर्माच्या दृष्टीने या निकालाने बॉथवेल मोकळा होत नव्हता. म्हणून राणीने आर्चबिशप हॅमिल्टनचे बंद पडलेले अधिकार पुन्हा दिले, आणि त्याच्या कोर्टाने निकाल दिला की बॉथवेल आणि जीन नात्यातले होते, सवलत घेतलेली नव्हती, सबब लग्न मुळातच शून्य.

पंधरा महिन्यांपूर्वी ज्याने स्वतः सवलतपत्र दिलं होतं, त्याच्याच अधिकाराखाली हा निकाल झाला. आणि ते पत्र त्या क्षणी जीनपाशी होतं.

तिने ते काढलं नाही. काढलं असतं तर राणीचं लग्न कॅथलिक नियमाने रद्दबातल ठरलं असतं. काढलं नाही, पण फाडलंही नाही. का, याचा मी बराच विचार केला आहे. एक कारण सरळ दिसतं: ते पत्र म्हणजे ढाल होती. ‘तू कधी बायकोच नव्हतीस’ असं म्हणून कुणी तिच्या नावे लावलेल्या जमिनीवर हात टाकायला आला असता, तर उत्तर तिच्या पेटीत होतं. बॉथवेलच्या जमिनीचं उत्पन्न तिला खरोखरच पुढे मिळत राहिलं. बॉथवेल स्वतः मात्र काही आठवड्यांतच पळाला. नॉर्वेच्या किनाऱ्यावर पकडला गेला, आणि बर्गनमध्ये अ‍ॅना थ्रॉन्सेन नावाची नॉर्वेजियन सरदारकन्या पुढे आली. तिच्याशी त्याने जीनच्याही आधी सूत जुळवून पैसे उचलले होते, आणि तिने त्याच्यावर दावा ठोकला. त्याची उरलेली वर्षं डेन्मार्कच्या कैदेत गेली. ड्रॅग्सहोम किल्ल्यात १५७८ मध्ये तो मेला.

जीनच्या दुसऱ्या लग्नाकडे वळण्याआधी तिच्या दुसऱ्या नवऱ्याचं बालपण सांगायला हवं. सदरलंड हा स्कॉटलंडच्या पार उत्तरेकडचा मुलूख. तिथले अर्लही गॉर्डनच होते, कारण दोन-तीन पिढ्यांपूर्वी हंटलीच्या एका धाकट्या मुलाने सदरलंडच्या वारसदार मुलीशी लग्न केलं होतं. १५६७ च्या जुलैमध्ये हेम्सडेलच्या किल्ल्यात सदरलंडचा अर्ल आणि त्याची गरोदर बायको यांना जेवणातून विष दिलं गेलं. विष देणारी इझाबेल सिंक्लेअर, अर्लच्याच चुलत्याची बायको. आपल्या मुलाला अर्लकी मिळावी हा हेतू. पण नकळत तोच पेला तिच्या मुलाच्या ओठाला लागला आणि तोही गेला. अर्लचा पंधरा वर्षांचा मुलगा अलेक्झांडर शिकारीवरून उशिरा परतला म्हणून वाचला.

वाचला, पण पोरका झाला. तेव्हा कायदा असा, की अज्ञान वारसाची जमीन आणि त्याचं लग्न ठरवण्याचा हक्क हे दोन्ही वरिष्ठाच्या हाती जात, आणि हा हक्क चक्क विकत घेता येई. तो विकत घेतला शेजारच्या केथनेसच्या अर्लने, इझाबेलच्याच भाऊबंदाने. त्याने पोराला ताब्यात घेतलं आणि आपली मुलगी बार्बरा त्याच्या गळ्यात बांधली. मुलगा पंधराचा, बायको बत्तीसची. हा सगळा वृत्तांत आपल्यापर्यंत आला आहे तो अलेक्झांडर आणि जीन यांचा मुलगा रॉबर्ट याच्या लेखणीतून, आणि केथनेसचे सिंक्लेअर हे त्याच्या घराण्याचे हाडवैरी. तेव्हा बार्बराबद्दलचे त्याचे कडवट शब्द थोडे तोलूनच वाचावेत. वडिलांनी फेकलेल्या या डावात तिलाही कुणी विचारलेलं नव्हतं.

१५६९ मध्ये काही विश्वासू लोकांनी अलेक्झांडरला तिथून पळवून हंटलीच्या स्ट्राथबोगीला, म्हणजे जीनच्या माहेरी, आणलं. तिथे तो वयात आला, १५७३ मध्ये बार्बराशी त्याचं लग्न मोडलं, आणि त्याच वर्षी १३ डिसेंबरला जीनशी झालं. तो एकवीसचा, ती सत्तावीसची.

इथे त्या कागदाला दुसरी धार येते. बॉथवेल अजून जिवंत होता. प्रॉटेस्टंट कायद्याने जीन निर्दोष पक्ष, म्हणून पुन्हा लग्नाला पूर्ण मोकळी. पण कॅथलिक नियमाने, सवलतपत्र खरं असल्यामुळे, ती अजून बॉथवेलचीच बायको ठरत होती, आणि जीन मरेपर्यंत कॅथलिक राहिली. म्हणजे १५६७ मध्ये जो कागद राणीला बुडवू शकला असता, तो १५७३ नंतर तिच्या स्वतःच्या मुलांच्या औरसपणावर प्रश्न उभा करू शकत होता. तरीही तिने तो ठेवला. दडवून ठेवला, पण ठेवला.

सदरलंडमधली वर्षं तिची खरी कारकीर्द. नवऱ्याची प्रकृती फारशी साथ देत नव्हती. कारभाराचा पुष्कळ भार जीननेच वाहिला. १५९४ मध्ये तो वारल्यावर तर ती विधवा आणि जहागिरीची आधारस्तंभ अशी दोन्ही झाली. ब्रोराला कोळसा सापडला होता. १५९८ मध्ये तिथे खाण चालू केली आणि त्याच कोळशावर समुद्राचं पाणी आटवून मीठ काढण्याच्या कढया बसवल्या. उत्तरेत मिठाशिवाय मासळी आणि मांस टिकवता येत नाही, त्यामुळे या व्यवसायाला अर्थ होता.

आणि मुलांच्या सोयरिकी. शेजारच्या स्ट्राथनेव्हरचे मकाय पिढ्यान् पिढ्या सदरलंडशी लढत आलेले, बहुधा केथनेसच्या बाजूने. जीनने थोरली मुलगी जेन १५८९ मध्ये मकायांच्या प्रमुखाला, ह्यूशन मकायला, दिली. त्याची आधीची बायको केथनेसच्या घरातली होती. म्हणजे या एका लग्नाने शत्रूचा जावई आपला जावई झाला. या जोडप्याचा मुलगा डोनाल्ड मकाय पुढे लॉर्ड रे झाला आणि त्याने उभी केलेली पलटण युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धात लढली. केथनेसच्या नव्या अर्लला तर जीनच्या भावाची मुलगी दिलेली होती. नकाशा समोर धरला, तर १५९० पर्यंत उत्तर स्कॉटलंडच्या तिन्ही मोठ्या घरांत हंटलीच्या रक्ताची बाई बसलेली दिसते. भांडणं त्यामुळे थांबली नाहीत, पण मिटवायला बसायची वेळ आली की मध्ये बोलणारं कुणीतरी आपलं असायचं.

वाचताना गोंधळ होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगतो. स्कॉटलंडमध्ये तेव्हा बाई लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावत नसे. जीन हेपबर्नांच्या घरी गेली, सदरलंडला गेली, पुढे ओगिल्व्हींच्या घरी गेली. सही करताना ती कायम जीन गॉर्डनच. सरदारकीची पदवी नवऱ्याची, नाव माहेरचं.

ओगिल्व्ही हा तिसरा नवरा. बॉइनचा अलेक्झांडर ओगिल्व्ही. १५६६ मध्ये, जीनचं बॉथवेलशी लग्न झालं त्याच वर्षी, त्याने मेरी बीटनशी लग्न केलं होतं. मेरी बीटन म्हणजे राणीच्या त्या प्रसिद्ध चार ‘मेरी’ नावाच्या सख्यांपैकी एक. जीन आणि ओगिल्व्ही यांचं तरुणपणी एकमेकांवर मन होतं आणि बॉथवेलसाठी जीनला ते सोडावं लागलं, असं परंपरेने सांगतात. प्रेमाला करारपत्र नसतं, त्यामुळे याला कागदाचा पुरावा मागण्यात अर्थ नाही. इतकं मात्र नक्की, की १५९९ च्या डिसेंबरमध्ये, मेरी बीटन वारल्यानंतर, त्रेपन्न वर्षांच्या जीनने ओगिल्व्हीशी लग्न केलं. या वेळी भाऊ कबरीत होता, मुलगा अर्ल झालेला होता, हाती स्वतःच्या जमिनी होत्या. कुणाची जप्त मालमत्ता सोडवायची नव्हती, कुणाचं वैर मिटवायचं नव्हतं. तिच्या तीन लग्नांपैकी हे एकच असं, की ज्यात मला कुठल्याही घराण्याचा फायदा सापडत नाही. म्हणून ती जुनी आख्यायिका खरी असावी असं मला मनापासून वाटतं.

ओगिल्व्हीही तिच्याआधी गेला. १६१५ मध्ये मुलगा जॉन, सदरलंडचा अर्ल, वारला. दोन वर्षांनी सूनही गेली. सत्तरी ओलांडलेल्या आजीच्या पदरात पोरकी नातवंडं आली, त्यात सदरलंडचा लहानगा अर्लही होता. पन्नास वर्षांपूर्वी असाच एक पोरका अर्ल शेजाऱ्याने विकत घेतला होता, हे त्या घरात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? या वेळी मुलगा घरातच राहिला; त्याचा काका रॉबर्ट पालक झाला आणि त्याने जहागीर राखली. याच रॉबर्टने पुढे घराण्याचा इतिहास लिहिला, आणि आईची बुद्धी, स्मरणशक्ती आणि समज यांचं त्याने त्यात भरभरून कौतुक केलं आहे.

१४ मे १६२९ रोजी जीन डनरॉबिनच्या किल्ल्यात वारली. मेरी राणीचं बॉथवेलशी लग्न झालं त्याला दुसऱ्या दिवशी बासष्ट वर्षं पूर्ण होणार होती. तिला डॉर्नोकच्या कथीड्रलमध्ये पुरलं. सवलतपत्र डनरॉबिनच्या दप्तरात तसंच राहिलं. एकोणिसाव्या शतकात एका अभ्यासकाच्या हाती ते लागलं आणि १८७४ मध्ये छापून आलं: आर्चबिशप हॅमिल्टनचं नाव, जेम्स हेपबर्न आणि जीन गॉर्डन यांची नावं, आणि तारीख १७ फेब्रुवारी १५६६.